पेंटबॉल मार्करची हवेची टाकी

पेंटबॉल मार्करची हवेची टाकी म्हणजे पेंटबॉल या खेळात रंगाची गोळी फेकणाऱ्या उपकरणाला, म्हणजेच मार्करला, संपीडित हवा पुरवणारे लहान सिलिंडर होय. टाकीत साधारणपणे २०७ किंवा ३१० बार इतक्या दाबाने हवा साठवलेली असते. टाकीच्या मानेवर बसवलेला दाबनियंत्रक हा दाब कमी करून ती हवा मार्करमध्ये सोडतो. टाकीची निवड करताना खेळाडूंचे लक्ष प्रामुख्याने आकार, वजन आणि एका भरण्यात सुटणाऱ्या गोळ्यांची संख्या यांकडे जाते. मात्र कोकणपट्टीसारख्या उष्ण व दमट प्रदेशात, जिथे उच्च दाबाची हवा भरून देणारी केंद्रे विरळ आहेत, तिथे टाकी कुठे भरली जाणार आणि तिच्यावरील तपासणीची मुदत कधी संपणार हे दोन प्रश्न आधी सोडवावे लागतात.

पार्श्वभूमी

मार्कर हे मुळात खेळाचे साधन नव्हते. अमेरिकेत वनकर्मचारी तोडावयाच्या झाडांवर आणि पशुपालक जनावरांवर दुरून रंगाची खूण करण्यासाठी नेल-स्पॉट ००७ हे पिस्तूल वापरत. मार्कर, म्हणजे खूण करणारा, हे नाव त्यावरूनच रूढ झाले. २७ जून १९८१ रोजी न्यू हॅम्पशायर राज्यातील हेनिकर येथे पेंटबॉलचा पहिला खेळ झाला. त्या पिस्तुलात कार्बन डायऑक्साइडची १२ ग्रॅमची एकदाच वापरावयाची छोटी कुपी घातली जाई. पुढे मोठ्या, पुन्हा भरता येणाऱ्या कार्बन डायऑक्साइडच्या टाक्या आल्या आणि त्यानंतर संपीडित हवेने त्यांची जागा घेतली.

ऑलिंपिकमधील १० मीटर हवाई रायफल या प्रकारातही असाच बदल झाला. १९९० च्या दशकात तेथील कार्बन डायऑक्साइड मागे पडून संपीडित हवा रूढ झाली. ऑक्टोबर २०२२ मध्ये कैरो येथे या प्रकारात विश्वविजेता ठरलेला ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील ज्या जातीच्या रायफलीने खेळतो, तिच्या नळीखालीही हवेचे एक छोटे सिलिंडर असते. पेंटबॉल आणि नेमबाजी हे अगदी वेगळे खेळ आहेत, परंतु टाकी भरणे, वापरणे व मुदत संपल्यावर बाद करणे यांची शिस्त दोन्हीकडे एकच आहे.

कार्बन डायऑक्साइड आणि उन्हाळा

कार्बन डायऑक्साइड टाकीत द्रवरूपात राहतो. जोवर द्रव शिल्लक आहे तोवर टाकीतील दाब किती हे भरलेल्या वायूवर नव्हे, तर तापमानावर ठरते. २० अंश सेल्सिअसला तो सुमारे ५७ बार असतो. या वायूचे क्रांतिक तापमान ३१ अंश आहे. त्यावर द्रव आणि वायू हा भेदच उरत नाही आणि पूर्ण भरलेल्या टाकीतील दाब झपाट्याने चढू लागतो. नेहमीच्या प्रमाणात, म्हणजे दर लिटरला सुमारे ६८० ग्रॅम, भरलेली टाकी ४५ अंशांपर्यंत तापली तर तिच्यातील दाब २० अंशांवरील दाबाच्या दुपटीहून अधिक होतो. कल्याण, आंबिवली, टिटवाळा या पट्ट्यात एप्रिल-मे महिन्यांतील दुपारी सावलीतही पारा ३१ अंशांच्या पुष्कळ वर असतो. उन्हात बंद ठेवलेल्या मोटारीत तर ४५ अंश सहज ओलांडले जातात. थंड प्रदेशातील पुस्तिकांत या गोष्टीला फारशी जागा नसते.

उलट दिशेनेही अडचण येते. द्रवाचे वायूत रूपांतर होताना उष्णता शोषली जाते. त्यामुळे भराभर गोळ्या झाडल्यास टाकी गार पडते, दाब उतरतो आणि गोळीचा वेग कमी होत जातो. कधी कधी द्रवच मार्करमध्ये शिरून रबरी कड्या खराब करतो.

संपीडित हवेच्या बाबतीत यांतले काहीच घडत नाही. ३० अंशांना २०७ बार असलेली टाकी ४५ अंशांना सुमारे २१७ बार होते, म्हणजे वाढ अवघी पाच टक्के. एवढ्या एका कारणासाठीही महाराष्ट्राच्या बहुतेक भागात हवेची टाकी घेणे योग्य ठरते.

धारकता आणि दाब

बाजारात टाकीची ओळख दोन आकड्यांनी सांगितली जाते. पहिला आतील घनफळाचा, घन इंचांत. दुसरा दाबाचा, पौंड प्रति चौरस इंचांत. '४८/३०००' म्हणजे सुमारे ०.७९ लिटरची, २०७ बारपर्यंत भरता येणारी टाकी. '६८/४५००' म्हणजे सुमारे १.११ लिटरची, ३१० बारपर्यंत भरता येणारी. पहिलीत बाहेरच्या दाबाने मोजली तर सुमारे १६० लिटर हवा मावते. दुसरीत आदर्श वायूच्या हिशेबाने ३४५ लिटर मावायला हवी, पण इतक्या दाबाला हवा तो नियम काटेकोरपणे पाळत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात ती सुमारे ३१० लिटर भरते. ढोबळ अंदाजाने पहिलीवर ५०० आणि दुसरीवर १,००० गोळ्या सुटतात. मार्करच्या रचनेनुसार हा आकडा बराच बदलतो.

सुमारे ३ ग्रॅम वजनाची गोळी सेकंदाला ९१ मीटर या मैदानी खेळातील कमाल वेगाने सुटते, तेव्हा तिच्यात साधारण १२ ज्यूल ऊर्जा असते. पूर्ण भरलेल्या १.११ लिटरच्या टाकीत साठलेली ऊर्जा मात्र ६५,००० ज्यूलांहून अधिक असते. शंभर किलोचे ओझे सुमारे ७० मीटर उंच उचलण्यास लागेल एवढी ही ऊर्जा आहे. खेळताना डोळ्यांवरचा मुखवटा सक्तीचा असतो तो गोळीमुळे, परंतु खेळातील सर्वांत धोकादायक वस्तू गोळी नसून टाकी आहे.

भरण्याची सोय

रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याचा कंप्रेसर साधारण ८ ते १० बार दाब देतो. पेंटबॉलच्या टाकीसाठी त्याचा उपयोग नाही. कल्याण-डोंबिवलीतील रिक्षांत सीएनजी सुमारे २०० बारने भरला जातो आणि हा दाब टाकीच्या दाबाच्या जवळचा आहे, पण तो ज्वालाग्राही वायू असल्याने तो पर्याय मुळीच संभवत नाही. उच्च दाबाची हवा देणारे कंप्रेसर नेमबाजी केंद्रे, अग्निशमन दले आणि स्कूबा डायव्हिंगच्या संस्था यांच्याकडे असतात. महाराष्ट्रात स्कूबा मुख्यतः मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावर चालते. अग्निशमन दलाची यंत्रणा जवानांच्या श्वसनसंचांसाठी असते, खासगी टाक्यांसाठी नाही.

स्कूबाचे सिलिंडर बहुधा २०० बारचे असते. त्यातून ३१० बारची महागडी टाकी भरली तरी तिच्यात २०० बारपेक्षा अधिक दाब येऊच शकत नाही, म्हणजे विकत घेतलेल्या धारकतेपैकी तिसरा हिस्सा रिकामाच राहतो. शिवाय मोठे सिलिंडरही दर वेळी थोडे उतरते. १२ लिटरच्या आणि २०० बारच्या सिलिंडरातून ०.७९ लिटरच्या रिकाम्या टाक्या एकामागून एक भरल्यास पहिलीत सुमारे १८८ बार, दुसरीत १७६ आणि दहावीत जेमतेम १०६ बार दाब मिळतो. ज्याच्या आवाक्यात ३०० बारचा कंप्रेसर नाही, त्याने ४५०० ची टाकी घेण्यात पैसा वाया जातो. आंबिवलीसारख्या ठिकाणी राहणारा बहुतेक खेळाडू याच गटात मोडतो.

आंबिवली-मोहने ते अंबरनाथ या औद्योगिक पट्ट्यात वेल्डिंगसाठी ऑक्सिजनची सिलिंडरे सहज दिसतात. हवेऐवजी ऑक्सिजन भरण्याची कल्पना प्राणघातक आहे. उच्च दाबाच्या ऑक्सिजनच्या संपर्कात तेलाचा किंवा ग्रीसचा अंशही पेट घेऊ शकतो, आणि मार्करच्या हलत्या भागांना वंगण लागतेच. नायट्रोजन रासायनिकदृष्ट्या निर्धोक आहे, कारण हवेचा ७८ टक्के भाग तोच असतो. मात्र औद्योगिक नायट्रोजनचे नेहमीचे सिलिंडर सुमारे १५० बारचे असते, आणि एका सिलिंडरातून दुसरे भरणे हे परवान्याचे काम आहे.

हवेतील ओलावा हा पावसाळी कोकणातील खास प्रश्न आहे. ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असताना एक घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम पाणी असते. ३१० लिटर हवा दाबून टाकीत कोंबली, तर तिच्याबरोबर ७ ग्रॅमहून अधिक पाणी येते. उच्च दाबाखाली ते जवळजवळ सर्व द्रवरूप होते, म्हणजे दर भरण्याला चमचाभर. चांगल्या कंप्रेसरला जलविभाजक आणि शोषक गाळणी असते. ती वेळेवर बदलली जाते का, हे भरणाऱ्याला विचारण्यात संकोच नसावा. हातपंपाने भरणाऱ्यांनी तर जून ते सप्टेंबर या काळात विशेष जपावे. एक लिटरची टाकी हातपंपाने भरणे हे तसेही घाम काढणारे काम आहे, तो पंप नेमबाजाच्या लहान सिलिंडरालाच शोभतो.

टाकी सावकाश भरावी लागते. हवा दाबली जाताना तापते, घाईने भरलेली टाकी हाताला गरम लागते आणि थंड झाल्यावर तिच्यातील दाब उतरलेला दिसतो.

धातू आणि तंतू

२०७ बारच्या टाक्या बहुधा अॅल्युमिनियमच्या असतात. त्या स्वस्त, थोड्या जड आणि धसमुसळा वापर सोसणाऱ्या असतात. ३१० बारच्या टाक्यांत अॅल्युमिनियमच्या पातळ कवचाभोवती रेझिनमध्ये भिजवलेले कार्बनतंतू गुंडाळलेले असतात. मोठी असूनही अशी टाकी अॅल्युमिनियमच्या टाकीपेक्षा हलकी भरते. तिचे मर्म तंतूंत असते. दगडावर घासून पडलेला खोल चरा, तुटलेले तंतू किंवा रसायनाचा डाग दिसल्यास ती वापरातून काढून जाणकाराला दाखवावी लागते. अॅल्युमिनियमच्या टाकीवर रंग भाजून चढवणे हाही धोकाच, कारण उष्णतेने धातूची ताकद कमी होते.

दाबनियंत्रक

नियंत्रक साधारणपणे ५५ ते ६० बार दाबाने हवा सोडतो. कमी दाबावर चालणाऱ्या मार्करसाठी ३० बारच्या आसपासचे नियंत्रकही मिळतात. कोणता हवा हे मार्करच्या पुस्तिकेत दिलेले असते. नियंत्रकावर दाबमापक, भरण्याची नळी आणि दाब मर्यादेबाहेर गेल्यास फुटून हवा सोडणाऱ्या सुरक्षा-चकत्या असतात. ही चकती फुटल्यास तिच्या जागी त्याच दाबाची चकती बसवावी लागते. तिथे साधा स्क्रू ठोकून देण्याचा जुगाड म्हणजे टाकीचा शेवटचा बचाव काढून घेणे होय.

अपघातांचे एक कारण वरवर क्षुल्लक दिसते. मार्करपासून टाकी सोडवताना कधी कधी टाकी आणि मार्कर यांमधील आटे फिरण्याऐवजी टाकी आणि झडप यांमधील आटे फिरतात. झडप निघताच टाकी अग्निबाणासारखी सुटते. अमेरिकेत कार्बन डायऑक्साइडच्या टाक्यांमुळे असे मृत्यू झाले आहेत. साधा उपाय म्हणून टाकी आणि झडप यांच्या जोडावरून रंगाची एक सरळ रेघ ओढतात. रेघ तुटलेली दिसली की काम तिथेच थांबवायचे.

तपासणी, कायदा आणि वाहतूक

भारतात दाबाच्या सिलिंडरांना स्फोटके अधिनियम, १८८४ खालील गॅस सिलिंडर नियम, २०१६ लागू होतात. त्यांची अंमलबजावणी करणाऱ्या, पेसो या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपूर येथे आहे. या नियमांत सिलिंडर म्हणजे ५०० मिलिलिटरहून अधिक आणि १,००० लिटरपर्यंत घनफळाचे पात्र. त्यामुळे ४८ आणि ६८ घन इंचांच्या टाक्या नियमांच्या कक्षेत येतात. १३ घन इंचांची, म्हणजे ०.२१ लिटरची छोटी टाकी येत नाही. परदेशातून सामानातून टाकी आणण्याचा मोह अनेकांना होतो, परंतु नियमांखालील सिलिंडर आयात करण्यास परवाना लागतो आणि परवानाधारक केंद्र अमान्य टाकी भरून देत नाही. मार्करच्या आयातीसाठी शस्त्र नियम, २०१६ स्वतंत्रपणे पाहावे लागतात.

टाकीच्या खांद्यावर किंवा लेबलावर मानक, निर्मितीचा महिना व वर्ष, कार्यदाब आणि चाचणीची तारीख कोरलेली असते. जलदाब चाचणीत टाकी पाण्याने भरून कार्यदाबाहून अधिक दाब देतात आणि ती किती फुगते हे मोजतात. अमेरिकी पद्धतीत अॅल्युमिनियमच्या टाकीची चाचणी दर पाच वर्षांनी होते. कार्बनतंतूंच्या टाकीची मान्यतेनुसार तीन किंवा पाच वर्षांनी होते आणि तिचे आयुष्य सामान्यतः १५ वर्षांचे धरतात. जुनी टाकी स्वस्तात मिळत असेल, तर किमतीत चाचणीचा खर्च आणि उरलेली वर्षे मिळवूनच सौदा पारखावा. डिसेंबर २०२३ मध्ये दिल्लीतील एका नेमबाजी केंद्रात पिस्तुलाचे हवेचे सिलिंडर भरताना स्फोट होऊन राष्ट्रीय पातळीवरील एका नेमबाजाला हाताचा अंगठा गमवावा लागला. ते सिलिंडर पेंटबॉलच्या टाकीपेक्षा कितीतरी लहान होते.

आंबिवली हे मध्य रेल्वेच्या कल्याण-कसारा मार्गावर शहाड आणि टिटवाळा यांच्यामधले स्थानक असल्याने इथल्या रहिवाशाचा प्रवास बहुधा लोकलनेच होतो. भरलेले वायूचे सिलिंडर प्रवासी डब्यातून नेण्यास रेल्वेत मनाई आहे आणि रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १६४ खाली धोकादायक माल बेकायदा नेणे हा कारावासास पात्र गुन्हा आहे. खच्चून भरलेल्या डब्यात या मनाईचे कारण वेगळे सांगावे लागत नाही. विमानातही भरलेली टाकी चालत नाही. खासगी वाहनातून नेताना ती मार्करपासून सोडवून, झडपेवर टोपी लावून, घरंगळणार नाही अशी बांधून आणि उन्हापासून दूर ठेवतात.

वर्षाकाठी दोन-चार वेळाच खेळणाऱ्यांसाठी केंद्राचीच टाकी भाड्याने घेणे हा बहुधा सर्वांत शहाणपणाचा मार्ग ठरतो. मुंबई-पुण्याच्या परिसरातील साहसी पर्यटनस्थळी मार्कर, मुखवटा आणि भरलेली टाकी सहसा एकत्रच दिली जाते. अशा वेळी खेळाडूने टाकीवरील चाचणीची तारीख स्वतः वाचून घ्यावी आणि ती उलटली असल्यास दुसरी टाकी मागावी.