नाव लागलं, त्या दिवशी

बाप जाऊन दहा-बारा वर्षं झालेली असतात. शेत मुलगा कसतो, सोयाबीनचे आलेले पैसे आई जपून ठेवते, पण सातबाऱ्यावर नाव अजून बापाचंच असतं. बुलढाणा जिल्ह्यात घाटावर जा नाहीतर घाटाखाली, अशी घरं भेटतातच. पीककर्ज मागायला गेलं की बँक खातेदाराला बोलावते. पीएम किसानचा हप्ता खातेदाराला, अतिवृष्टीची मदतही खातेदाराच्या नावे. तो तर कधीच गेलेला असतो आणि मागे राहिलेली माणसं तहसीलचे हेलपाटे घालत राहतात.

याच जिल्ह्यात १ मार्च २०२५ पासून 'जिवंत सातबारा' मोहीम सुरू झाली. कल्पना चिखलीचे तहसीलदार संतोष काकडे यांची. ती सरकारला इतकी पटली की १९ मार्चला शासन निर्णय निघाला आणि १ एप्रिलपासून मोहीम राज्यभर गेली. तालुक्याच्या कचेरीत सुचलेली गोष्ट महिनाभरात मंत्रालयाने उचलावी, हे आपल्याकडे फारसं घडत नाही. मोहिमेच्या प्रशासकीय बाजूवर बरंच लिहिलं गेलं. मला तिच्यात आणखी एका प्रश्नाचं उत्तर दिसतं: सरकारी नोकरीत समाधान नेमकं कुठे असतं?

आधी काम कसं चालतं ते पाहू. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ नुसार खातेदार वारला की वारसांनी तीन महिन्यांत कळवायचं असतं. पण घरात दुःख असतं, पुढे भावाभावांत धुसफूस, बहिणीचं नाव लावायचं की नाही यावरून अबोला, आणि मग कोण जाणार चिखलीला, म्हणून राहून जातं. एक पिढी सरली की गुंता दुप्पट होतो, कारण आता वारसांचेही वारस शोधावे लागतात.

मोहिमेने ही वाट उलटी केली. वारसाने यायची वाट न पाहता तलाठ्यानेच, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याने, गावात चावडी वाचन करायचं आणि मयत खातेदारांची यादी तयार करायची. त्यानंतर वारसांनी मृत्यूचा दाखला, वारसांबाबतचं शपथपत्र किंवा स्वयंघोषणा, सरपंच, पोलीस पाटील किंवा ग्रामसेवकाचा दाखला, अशी कागदपत्रं द्यायची. चौकशी होऊन वारस ठराव मंजूर झाला की ई-फेरफार प्रणालीत नोंद धरली जाते, नोटीस निघते, हरकतीची मुदत संपते, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि सातबाऱ्यावर नवं नाव चढतं. राज्याच्या वेळापत्रकात फेरफाराचा हा शेवटचा टप्पा २१ एप्रिलपासून होता. योगायोग असा की तोच नागरी सेवा दिन. १९४७ मध्ये त्या दिवशी दिल्लीच्या मेटकाफ हाऊसमध्ये सरदार पटेलांनी प्रशासकीय सेवेच्या पहिल्या तुकडीला मार्गदर्शन केलं होतं.

तलाठ्याचं एरवीचं काम आठवून बघा. एका सज्जात दोन-चार गावं, गारपिटीचे पंचनामे, ई-पीक पाहणी, मतदार याद्या, त्यात ऐन वेळी बसणारा सर्व्हर. कागद येतो, कागद जातो. आपण केलेल्या नोंदीने कुणाचं काय भलं झालं, हे त्याला कळतच नाही. माझ्या मते सरकारी नोकरीतला खरा शीण कामाच्या ओझ्यापेक्षा इथे आहे. वर्षानुवर्षं काम करूनही त्याचं फळ नजरेला पडत नाही.

अमेरिकेत अ‍ॅडम ग्रँट या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या मागणाऱ्या कर्मचाऱ्यांची, त्याच पैशातून शिष्यवृत्ती मिळालेल्या एका विद्यार्थ्याशी भेट घालून दिली. बोलणं झालं जेमतेम पाच मिनिटं. महिनाभराने पाहिलं तर हे कर्मचारी फोनवर दुपटीहून अधिक वेळ देत होते. पगार तोच होता आणि वरिष्ठही तेच. आपण ज्याच्यासाठी राबतो तो माणूस त्यांनी पाहिला होता, एवढाच काय तो फरक.

चावडी वाचनाने तेच साधलं. यादीतलं नाव वाचलं की गर्दीतून कुणीतरी म्हणतं, "साहेब, तो माझा बाप." नवऱ्यामागे एकटीने वावर सांभाळणाऱ्या बाईचं नाव खातेदार म्हणून पहिल्यांदा छापून येतं, लेकींची नावं भावांच्या शेजारी लागतात. बुलढाणा हा शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी एक. इथे त्या एका ओळीचं मोल काय असतं, हे ती टाईप करणाऱ्यालाही समोरचं माणूस पाहूनच उमगतं. पुढच्या टप्प्यात 'अ.पा.क.' शेरेही हाती घेतले गेले. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. मूल सज्ञान होऊन स्वतः आजोबा झालं, तरी सातबाऱ्यावर त्याचा पालनकर्ता कायम! असा शेरा काढायला निधी लागत नाही, कुणीतरी मनावर घ्यावं लागतं. गुणवंत कर्मचारी पुरस्कार वर्षातून एकदा, तोही मोजक्यांना मिळतो. हे समाधान मात्र कोतवालापासून जिल्हाधिकाऱ्यापर्यंत कुणालाही, कुठल्याही मंगळवारी मिळू शकतं.

याचा अर्थ समाधानावर भागवा, असा मुळीच नाही. रिकाम्या जागा भरायलाच हव्यात, सर्व्हर चालायलाच हवा. आणि वारसाचं नाव लागणं हा त्याचा हक्क आहे, कुणाची मेहरबानी नाही. म्हणूनच हे काम मोहिमेपुरतं न ठेवता प्रत्येक सज्जात दरवर्षी मयत खातेदारांचं चावडी वाचन व्हावं, असं मला कळकळीने वाटतं.

तुमच्या घरची वारस नोंद राहिली असेल तर आजच मृत्यूचा दाखला शोधा आणि अर्ज करा, ई-हक्क प्रणालीवरून तो घरबसल्याही देता येतो. आणि नाव लागलं की नवा सातबारा घेऊन, ज्याने नोंद धरली त्याच्या टेबलापर्यंत एकदा जाऊन या. त्याच्या हातून काय झालं, ते त्यालाही पाहू द्या.