गावाकडच्या लॅपटॉपवर कोणती विंडोज?

नवा लॅपटॉप आपल्याला, जुना रवाना गावी! पण तो जुना डब्बा आज नेमक्या कोणत्या विंडोजवर चालतोय, हे फोनवरून ओळखायचं कसं?

हिंजवडी, खराडी, मगरपट्टा... पुण्यातल्या कुठल्याही ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये डोकावा, लातूरकडची दोन-चार पोरं-पोरी हमखास भेटणार. आणि त्यांच्या लॅपटॉपची कुंडलीही ठरलेली. पहिली चार-पाच वर्षं पुण्यात, इंटरव्ह्यू, प्रोजेक्ट आणि रात्रीच्या सिनेमांत. मग नव्या नोकरीसोबत नवा लॅपटॉप येतो आणि जुना दिवाळीला बॅगेत बसून गावी जातो. समजा रेणापूरला. लातूर-अंबाजोगाई रस्त्यावरच्या या तालुक्याच्या गावी त्याची दुसरी इनिंग सुरू होते. सातबारा काढायचा, बँकेचं स्टेटमेंट बघायचं, धाकटीचा सीईटीचा फॉर्म भरायचा, सोयाबीनचा भाव कुठे किती ते पाहायचं. म्हणजे पुण्यात होता त्याहून महत्त्वाची कामं!

आणि मग एक दिवस फोन येतो. बँकेची साइट उघडंना.

"पप्पा, विंडोज कोणती आहे त्यात?"

"एचपीची."

"तसं नाही हो. विंडोज... दहा का अकरा?"

"तू दिलतास तवा होती तीच असंल की. खालच्या पट्टीवर चार खिडक्या दिसायल्यात बघ."

हसू नका. तुमच्या शेजारच्या क्युबिकलमधल्या एमबीएला हाच प्रश्न विचारून बघा, उत्तर फार वेगळं येणार नाही. चार खिडक्यांचा लोगो विंडोज १० लाही आहे आणि ११ लाही. स्टार्टचं बटण मधोमध असेल तर ११, असं लोक ठोकून सांगतात, पण ते बटण एका सेटिंगमध्ये डावीकडे सरकवता येतं. कीबोर्डशेजारचा स्टिकर तर विसराच. तो लॅपटॉप कारखान्यातून निघाला तेव्हाची गोष्ट सांगतो. नंतर गल्लीतल्या रिपेअरवाल्याने आत काय भरलं, ते स्टिकरला काय माहीत?

तारखांचा खेळ

एवढी चौकशी कशाला, चालतंय ना, असं तुम्ही म्हणाल. चालतं, हे खरं. पण विंडोजच्या प्रत्येक व्हर्जनला एक शेवटची तारीख असते. त्या तारखेनंतर मशीन बंद पडत नाही, फक्त त्यातली नवी भोकं बुजवायला कोणी येत नाही. एक्सपीची तारीख होती ८ एप्रिल २०१४. विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२०. ८.१ ची १० जानेवारी २०२३. आणि विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५, म्हणजे ऐन दिवाळीच्या तोंडावर!

विंडोज गेली की मागोमाग ब्राउझरही जातो. विंडोज ७ आणि ८.१ वर चालणारं शेवटचं क्रोम १०९ नंबरचं. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या ११० पासून गुगलने त्या दोघांना दारच बंद केलं. म्हणून बँकेची साइट 'उघडंना' झाली की आधी विंडोज विचारायची, मग नेटला शिव्या द्यायच्या.

सहा अक्षरांचा फंडा

फोनवरून करता येईल असा उपाय एकच आणि तो एक्सपीपासून ११ पर्यंत सगळीकडे चालतो. कीबोर्डवर खाली डावीकडे खिडकीचं चित्र असलेलं बटण दाबून धरायचं आणि आर दाबायचा. एक छोटी चौकट उघडते. तिच्यात 'विनव्हर' टाइप करायचं, इंग्रजीत. अक्षरं एकेक करून सांगा: डब्ल्यू, आय, एन, व्ही, ई, आर. मग एंटर. जी खिडकी उघडेल ती वाचून दाखवायला लावू नका, दोघांचाही जीव जाईल. मोबाइलने फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला सांगा.

आता त्या फोटोत बघायच्या गोष्टी तीन. वर मोठ्या अक्षरांत नाव, विंडोज १० किंवा ११. खाली एका ओळीत व्हर्जन आणि बिल्ड. आणि त्याही खाली कॉपीराइटच्या रटाळ परिच्छेदात लपलेली एडिशन, होम की प्रो. आपल्याकडे दुकानातून घेतलेल्या पुष्कळ लॅपटॉपवर 'होम सिंगल लँग्वेज' असते. म्हणजे मेनू-बटणांची भाषा एकच. मराठी टायपिंगला त्याने काही अडत नाही, तेव्हा टेन्शन नको.

खरी मेख मधल्या ओळीत आहे. '२२एच२' म्हणजे २०२२ च्या दुसऱ्या सहामाहीतलं व्हर्जन. आधीची पद्धत वेगळी होती, '१९०३' म्हणजे २०१९ चा मार्च. हे '२२एच२' विंडोज १० मध्येही आहे आणि ११ मध्येही! त्यामुळे नुसतं व्हर्जन सांगणारा माणूस अर्धवट माहिती देतो. शेवटचा शब्द बिल्ड नंबरचा. १९०४५ असेल तर विंडोज १० चं शेवटचं व्हर्जन. २२००० किंवा त्याहून मोठा आकडा असेल तर विंडोज ११. त्यातही २२६२१ म्हणजे २२एच२, २२६३१ म्हणजे २३एच२, २६१०० म्हणजे २४एच२ आणि २६२०० म्हणजे २५एच२.

हे आकडे पाठ करायची गरज नाही, पण एक लक्षात असू द्या. '११ आहे' एवढ्यावर खूश होणाऱ्यांसाठीही तारखा आहेत. होम आणि प्रो एडिशनसाठी ११ च्या २२एच२ चा सपोर्ट ८ ऑक्टोबर २०२४ ला संपला, २३एच२ चा ११ नोव्हेंबर २०२५ ला. २४एच२ ची जाहीर तारीख १३ ऑक्टोबर २०२६. म्हणजे नाव अकरा, पण आतून मुदत संपलेली, असं होऊ शकतं.

आणखी एक गंमत. कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकी उघडून व्हर्जन विचारलं, तर विंडोज ११ सुद्धा स्वतःला '१०.०' म्हणवून घेते. ब्राउझरही वेबसाइटला तेच सांगतो, त्यामुळे 'तुमची विंडोज ओळखा' छाप साइटवर विसंबू नका. हा खोटेपणा जुना आहे. व्हिस्टाचा आतला नंबर ६.० होता. पुढची विंडोज ७ आतून ७ नव्हतीच, ६.१ होती. विंडोज ८ होती ६.२. कारण साधं. कित्येक जुने प्रोग्रॅम सुरू होताना हा आकडा तपासतात आणि अनोळखी मोठा आकडा दिसला की हटून बसतात. त्यांना बिचकवण्यापेक्षा मायक्रोसॉफ्टने आकडा हळूहळू सरकवणं पसंत केलं.

टिंबाच्या पुढे काय आहे?

बिल्ड नंबरमध्ये एक टिंब असतं आणि त्याच्यापुढे तीन-चार आकडे. बहुतेक जण इथवर येतच नाहीत. खरं तर मशीन सुरक्षित आहे की नाही, ते इथे कळतं. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, आपल्याकडे रात्री उशिरा, मायक्रोसॉफ्टचे अपडेट येतात आणि ते बसले की टिंबापुढचा आकडा वाढतो.

याची किंमत २०१७ मध्ये जगाला कळली. १२ मे २०१७ ला 'वॉनाक्राय' सुटला, फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा. एक्सपीच्या नावाने तेव्हा फार बोंब झाली, पण सापडलेली बहुतेक मशीन विंडोज ७ ची होती. विंडोज ७ चा सपोर्ट तेव्हा चालू होता आणि ते भोक बुजवणारा पॅच मार्चमध्येच आला होता. फक्त तो बसवलेला नव्हता. दोन मशीन, दोन्हींवर 'विंडोज ७' लिहिलेलं, एक वाचलं आणि एक गेलं. पुढच्याच महिन्यात, २७ जूनला 'नॉटपेट्या' आला. त्याच्या शिरण्याच्या वाटांपैकी एक होती तेच भोक. मर्स्क या बलाढ्य शिपिंग कंपनीची यंत्रणा त्याने जगभर आडवी केली आणि आपल्या न्हावाशेव्याला जेएनपीटीमधलं तिच्या समूहाचं टर्मिनलही विस्कळीत झालं.

आता रेणापूरच्या फोटोकडे वळा. विंडोज १० असेल, बिल्ड १९०४५ असेल आणि टिंबापुढचा आकडा ६४५६ वर थांबलेला असेल, तर १४ ऑक्टोबर २०२५ नंतर त्या मशीनला काहीच मिळालेलं नाही. आकडा त्याहून लहान असेल तर अपडेट आधीपासूनच अडलेत. त्याचं एक कारण पुष्कळ घरांत सापडतं. गावी लॅपटॉपचं नेट म्हणजे मोबाइलचा हॉटस्पॉट. रोजचा दीड जीबी संपू नये म्हणून कोणीतरी त्या कनेक्शनला 'मीटर्ड' अशी खूण करून ठेवतं आणि मग विंडोज बहुतेक अपडेट उतरवतच नाही. सुट्टीत घरी गेलात की चांगल्या वायफायवर बसून ती खूण काढा आणि एकदाचं सगळं उतरवून घ्या.

विंडोज १० वाल्यांना एक वर्षाची जादा मुदतही आहे, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. सेटिंग्जचा बॅकअप मायक्रोसॉफ्टच्या खात्यात ठेवलात तर फुकट, नाहीतर १००० रिवॉर्ड पॉइंट किंवा ३० डॉलर. अट मात्र आहे. व्हर्जन २२एच२ हवं. बिल्ड १९०४५ च्या खाली असेल तर आधी तिथवर चढा, मग नाव नोंदवा.

मराठीचा हिशेब

व्हर्जनचा थेट फटका मराठीलाही बसतो, हे आपण विसरतो. एक्सपीच्या काळात मराठी हवं असेल तर कंट्रोल पॅनलमध्ये 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट'च्या चौकटीत टिक करायची आणि एक्सपीची सीडी घालायची. सीडी सापडली नाही तर मराठी नाही! रुपयाचं नवं चिन्ह आलं जुलै २०१० मध्ये, आयआयटी मुंबईत शिकलेल्या डी. उदय कुमार यांचं डिझाइन. विंडोज ७ त्याच्या आदल्या वर्षीच बाजारात आली होती, त्यामुळे तिला ते चिन्ह २०११ च्या अपडेटमधून शिकवावं लागलं. अपडेट नसलेल्या मशीनवर रुपयाच्या जागी आजही चौकोन दिसू शकतो.

आणि ज्यांना 'नमस्कार' इंग्रजी अक्षरांत टाइप करून देवनागरी हवं असतं त्यांच्यासाठी, विंडोजमध्येच मराठीचा फोनेटिक कीबोर्ड आला तो मे २०१९ च्या अपडेटपासून. म्हणजे व्हर्जन १९०३, बिल्ड १८३६२. त्याच्या आधीचं व्हर्जन असेल तर कीबोर्डच्या यादीत कितीही शोधा, सापडणार नाही. गावी तक्रार-अर्ज, ग्रामसभेची नोटीस, लग्नाची यादी हे सगळं मराठीत लिहावं लागतं. बाबांसाठी हे एकच कारण अपडेटला पुरेसं आहे, सिक्युरिटीचं लेक्चर नंतर.

आय५ आहे हो, पण कुठलं?

समजलं की विंडोज १० आहे. मग ११ टाकून मोकळं व्हायचं? इथे आडवा येतो प्रोसेसर. सेटिंग्जमध्ये सिस्टिम आणि मग अबाउट, या पानावर त्याचं पूर्ण नाव मिळतं. 'आय५ आहे' म्हणणं म्हणजे बाजारात जाऊन 'तूर आहे' म्हणण्यासारखं. कुठल्या सालची, ते सांगा! 'आय५-७२००यू' मधला ७ म्हणजे सातवी पिढी, 'आय५-८२५०यू' मधला ८ म्हणजे आठवी. इंटेलमध्ये विंडोज ११ साधारण आठव्या पिढीपासून पुढे चालते, शिवाय टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा हवी. त्याच पानावर 'सिस्टिम टाइप'मध्ये ३२-बिट दिसलं तर थेट अपग्रेड होणार नाही, कारण ११ फक्त ६४-बिटमध्येच येते. सातव्या पिढीवर जुगाडाने ११ बसवून देणारे भेटतील. मायक्रोसॉफ्ट अशा मशीनला अपडेटची हमी देत नाही, मग ११ चा फायदा काय?

एक सावधगिरी मात्र घरी आधी सांगून ठेवा. "मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय, तुमची विंडोज जुनी झालीय, एनीडेस्क टाका," असा फोन आला तर तो ठेवून द्यायचा. असल्या अ‍ॅपबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केलं होतं. तुम्हाला स्वतःला लांबून बघायचं असेल तर विंडोज १० आणि ११ वरचं क्विक असिस्ट वापरा, पण घरच्यांना सांगा की कोड फक्त तुमच्याच आवाजात आलेला चालेल.

मॅकवाल्यांचं काम सोपं. डाव्या कोपऱ्यातलं सफरचंद, पहिलीच ओळ. फक्त आकडा १५ वरून एकदम २६ झालेला दिसला तर दचकू नका. मधले नंबर अ‍ॅपलने २०२५ मध्ये गाळले आणि इंटेलवाल्या मॅकसाठी हे २६ शेवटचं.

आणि सातव्या पिढीच्या त्या डब्ब्याला खरंच काही पर्याय उरला नाही, तर लिनक्स आहे. मिंट आहे, सी-डॅकचं भारतीय भाषांसाठी बनवलेलं बॉस आहे. ब्राउझर, सातबारा, फॉर्म, एवढ्याला ते पुरून उरतं. प्रिंटर आणि बँकेची साइट आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघा, मगच विंडोज पुसा. आणि हो, तिथे विनव्हर चालत नाही. टर्मिनल उघडून 'कॅट', एक स्पेस आणि मग 'ईटीसी' फोल्डरातल्या 'ओएस-रिलीज' फाइलचा पत्ता, सगळं इंग्रजीत. पप्पांना फोनवर तिरपी रेघ कुठल्या बटणावर आहे ते सांगायची तयारी ठेवा.