सोनचाफा, पांढरा
(लॅ. मॅग्नोलिया अल्बा, मायकेलिया अल्बा, कुल–मॅग्नोलिएसी). शुभ्र, सुगंधी फुलांसाठी उद्यानांत व घराभोवती लावला जाणारा हा सदापर्णी संकरज वृक्ष परिचित पिवळा सोनचाफा (मॅ. चंपका) आणि आग्नेय आशियातील मॅ. मोंटॅना या दोन जातींच्या संकरातून निर्माण झाला आहे. तो लागवडीतच आढळतो. मराठीत ‘पांढरा चाफा’ हे नाव सामान्यतः दुधी चीक असलेल्या खुरचाफ्यास (प्लुमेरिया) दिले जाते. तो वेगळ्या कुलातील आहे. द कांदॉल यांनी १८१७ मध्ये प्रस्तुत वृक्षाचे वर्णन मायकेलिया प्रजातीत केले. अलीकडे बहुतेक वनस्पतिवैज्ञानिक ही प्रजाती मॅग्नोलियातच समाविष्ट करतात.

वृक्ष सु. १७ मी.पर्यंत वाढतो. पाने साधी, एकाआड एक, लंबगोल ते भाल्यासारखी व १०–२७ सेंमी. लांब असतात. कळीस वेढणारी उपपर्णे लवकर गळून पडतात. त्यांचा वण देठाच्या जवळजवळ निम्म्यापर्यंत दिसतो. फुले एकेकटी, पानांच्या बगलेत येतात. पाकळ्यांसारखी परिदले सु. १०, अरुंद व ३–४ सेंमी. लांब असून पिवळ्या सोनचाफ्यात ती १५–२० असतात. केसरदले व किंजदले अनेक व सुटी असतात.

शोभेसाठी मॅग्नोलियाचे इतरही संकर लावले जातात. फ्रान्समध्ये सूलांझ-बोदँ यांनी १८२० मध्ये दोन चिनी जातींचा संकर केला व १८२६ मध्ये त्याला प्रथम फुले आली. मॅ. सूलांझियाना या नावाने तो समशीतोष्ण प्रदेशांत सर्वत्र पसरला. त्याची पाने हिवाळ्यात गळतात व पालवीपूर्वी फुले येतात. थंड हिवाळ्याची गरज असल्याने विदर्भाच्या मैदानी प्रदेशास तो मानवत नाही. उष्ण प्रदेशातील पांढरा सोनचाफा तेथे अधिक योग्य ठरतो.

या वृक्षास बीजधारणा क्वचितच होते. त्यामुळे त्याची अभिवृद्धी गुटी कलमाने किंवा पिवळ्या सोनचाफ्याच्या रोपावर भेट कलम बांधून करतात. म्हणजेच त्याचे अस्तित्व माळ्याच्या हातावर अवलंबून असते. खुंटासाठी लागणारे सोनचाफ्याचे बी लाल गर काढून ताजेच पेरावे लागते, कारण त्याची उगवणक्षमता लवकर नष्ट होते. कलमाच्या सांध्याखाली फुटणारे धुमारे वेळीच काढले नाहीत, तर ते जोमाने वाढून वरचा भाग खुरटतो व काही वर्षांनी झाडास पिवळी फुले येतात. अशा वेळी झाडाने ‘रंग बदलला’ असे समजले जाते. वस्तुतः खुंटाने कलमावर मात केलेली असते.

नागपूरच्या दक्षिण भागातील हुडकेश्वरसारख्या वस्त्यांत हा वृक्ष लावताना दोन अडचणी ध्यानात घ्याव्या लागतात : पावसाळ्यात पाणी धरून ठेवणारी भारी काळी जमीन आणि उन्हाळ्यात ४५° से.च्याही वर जाणारे तापमान. याची मुळे मांसल असून साचलेल्या पाण्याने कुजतात. म्हणून खड्ड्यात मुरूम, वाळू व पानांचे खत मिसळून झाड थोड्या उंचवट्यावर लावतात. पहिली दोन-तीन वर्षे उन्हाळ्यात दुपारची सावली, आळ्यात पालापाचोळ्याचे आच्छादन व नियमित पाणी आवश्यक असते. मुळांस इजा सोसत नाही, म्हणून मोठे झालेले झाड हलवू नये; त्याची जागा भिंतीपासून पुरेशी दूर व आरंभीच निश्चित करावी.

थायलंडमध्ये फुले हारांत गुंफतात, तर चीनमध्ये ती माळण्यासाठी व चहास सुगंध देण्यासाठी वापरतात. फुलांपासून व पानांपासून बाष्पनशील तेल मिळते. लिनॅलूल हा त्यातील एक प्रमुख घटक होय.