दुपारचे नातेवाईक

— द्वितीय वर्ष, कला

‘सोप ऑपेरा’ हा शब्द आपल्याकडे बहुधा शिवी म्हणूनच वापरला जातो. एखाद्या कादंबरीत रडारड जास्त झाली, एखाद्या नाटकात योगायोग फार आले, की समीक्षक मंडळी ‘हा तर सोप ऑपेरा झाला’ असे म्हणून मोकळी होतात. वर्गात हा शब्द निघाला तरी हशा पिकतो. ह्या शब्दाचे वकीलपत्र घेण्याचा प्रस्तुत लेखिकेचा विचार नाही. परंतु ज्या वस्तूवरून तो शब्द आला ती वस्तू मुळात काय होती, ती कोणासाठी होती आणि ती बंद पडू लागली तेव्हा अमेरिकेतील कितीतरी माणसे, विशेषतः वयस्क स्त्रिया, घरातले माणूस गेल्यासारखी का हळहळली, हे समजून घ्यावेसे मात्र वाटते.

प्रथम नावाविषयी. १९३० साली शिकागोच्या एका रेडिओ केंद्रावर ‘पेंटेड ड्रीम्स’ नावाची रोजची श्रुतिका सुरू झाली. ती लिहिणारी आयर्ना फिलिप्स ही पूर्वी शिक्षिका होती. घरी एकट्या काम करणाऱ्या गृहिणीला दुपारी सोबत लागते हे तिने ओळखले, आणि ह्या गृहिणीच साबण विकत घेतात हे साबणवाल्या कंपन्यांनी ओळखले. १९३३ पासून ‘मा पर्किन्स’ ही श्रुतिका ‘ऑक्सिडॉल’ ह्या धुण्याच्या पावडरीच्या पैशावर चालू लागली. गोष्ट घटकाभर, मध्ये साबणाची जाहिरात, पुन्हा गोष्ट! वर्तमानपत्रवाल्यांनी थट्टेने ‘साबणाचा ऑपेरा’ असे नाव ठेवले आणि ते कायमचे चिकटले.

थट्टा बाजूला ठेवून ह्या मालिकांची बांधणी पाहिली तर ती मोठी विचारपूर्वक केलेली दिसते. ही नाटके मन एकाग्र करून बसणाऱ्या प्रेक्षकासाठी नव्हतीच. ऐकणारीच्या हातात इस्त्री असे, भांडी असत, मांडीवर मूल असे. म्हणून पात्रे एकमेकांना वारंवार नावाने हाक मारत. म्हणून काल काय घडले ते आज कोणीतरी कोणाला तरी कॉफी पिता पिता सांगत असे, आणि उद्या तीच हकिकत तिसऱ्याला सांगितली जाई. दोन दिवस चुकले तरी धागा सुटत नसे. प्रसंग गंभीर झाला की ऑर्गनचा सूर वाजे. तो ऐकून स्वयंपाकघरातली बाई हात पुसत बाहेर येई. पुढे टेलिव्हिजन आला तरी ही रीत बदलली नाही. चित्र दिसत असले तरी गोष्ट कानांवाटेच जात राहिली.

हे मला पुस्तकात वाचून पटले नसते. माझी आई विड्या वळते. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पाने, आणि समोर टीव्ही चालू. दुपारी आदल्या रात्रीच्या मालिका पुन्हा दाखवतात, त्या ती ‘पाहते’. म्हणजे मान खाली घालून ऐकते, आणि शंभर विड्यांमागे एखाद्या वेळी वर बघते. मी तिला एकदा विचारले, “तू न बघता कसं काय कळतं गं?” तर म्हणाली, “बघायचं काय त्यात? बोलत्यात की सगळं.” आयर्ना फिलिप्सने नव्वदएक वर्षांपूर्वी जी युक्ती काढली ती नेमकी हीच. पुनरुक्ती हा दोष म्हणून आम्ही साहित्यशास्त्रात शिकतो. ज्याचे दोन्ही हात कामात अडकले आहेत त्याच्यासाठी मात्र तीच सोय आहे, हे कोठल्याही टिपणात लिहिलेले मला आढळले नाही.

आता मूळ विषयाकडे वळू. ह्या मालिका संपत नसत. नाटक तीन तासांत संपते, कादंबरी शेवटच्या पानावर संपते. पण ‘गायडिंग लाइट’ ही मालिका २५ जानेवारी १९३७ रोजी रेडिओवर सुरू झाली, १९५२ साली टेलिव्हिजनवर आली आणि १८ सप्टेंबर २००९ रोजी बंद झाली. बहात्तर वर्षे! तिच्या प्रारंभी स्वातंत्र्य मिळावयाचे होते आणि ती संपली तेव्हा आमच्या गावात मोबाइलचे टॉवर उभे होते. आजी ऐकत होती, आई पाहत होती आणि शाळेतून लवकर घरी आलेली नात आईशेजारी बसत होती, अशा तीन पिढ्या एकाच गोष्टीत वाढल्या. आपल्याकडे सत्यनारायणाची पोथी जशी सासूकडून सुनेकडे जाते तशी तिकडे मालिका जात असे. (तुलना कोणास खटकल्यास क्षमा असावी, पण रोज ठरावीक वेळी बसून तीच माणसे भेटण्यात काहीतरी नेमासारखे आहेच.)

आणि त्यामुळे नटनट्यांचे काय होई, ते पाहण्यासारखे आहे. सिनेमातली नायिका चार वर्षांनी नव्या चित्रपटात नवे नाव घेऊन येते. इथे एकच बाई एकाच नावाने प्रेक्षकांसमोर म्हातारी होई. ‘मा पर्किन्स’ची भूमिका करणारी व्हर्जिनिया पेन सुरुवातीस अवघी तेवीस वर्षांची होती. आवाज म्हातारीचा काढावयाचा. १९६० साली श्रुतिका संपली तोवर तिने एकही भाग चुकविला नव्हता.

त्याहून विलक्षण गोष्ट हेलन वॅग्नरची. २ एप्रिल १९५६ रोजी ‘ॲज द वर्ल्ड टर्न्स’ ही मालिका सुरू झाली, तिच्यातले पहिले वाक्य तिने उच्चारले. वाक्य ते काय, नवऱ्याला सकाळचा नमस्कार! त्या नॅन्सी ह्यूजची भूमिका तिने मध्ये काही खंड पडले तरी चौपन्न वर्षे केली. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी दुपारी ती स्टुडिओत आपला प्रवेश करीत होती. मालिका त्या काळी थेट प्रक्षेपित होत असे. प्रवेश चालू असताना मध्येच पडद्यावर बातमीची पाटी आली आणि वॉल्टर क्रॉन्काइटच्या आवाजात राष्ट्राध्यक्ष केनेडींवर गोळ्या झाडल्याचे वृत्त सांगितले गेले. स्टुडिओतल्या नटांना ह्याचा पत्ता नव्हता. ते आपली वाक्ये बोलतच राहिले. असंख्य अमेरिकन स्त्रियांच्या मनात केनेडींची हत्या आणि नॅन्सीचे स्वयंपाकघर ह्या दोन गोष्टी अशा एकमेकींना जोडल्या गेल्या आहेत. हेलन वॅग्नर १ मे २०१० रोजी वारली, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी. त्याच सप्टेंबरात मालिकाही संपली. शेवटच्या भागात शेवटचे वाक्य डॉन हेस्टिंग्ज ह्यांच्या तोंडी होते. ते १९६० पासून नॅन्सीच्या मुलाची भूमिका करीत होते. टेबल आवरून, दिवा मालवून त्यांनी शुभरात्री म्हटले. सकाळच्या नमस्काराने उघडलेला दिवस चौपन्न वर्षांनी मावळला.

‘गायडिंग लाइट’मधील चॅरिटा बॉवर हिची हकिकत वाचताना माझ्या अंगावर काटा आला. बर्ट बॉवर नावाची गृहिणी ती १९५० पासून रंगवीत होती. १९६२ साली ॲग्नेस निक्सन ह्या लेखिकेने बर्टला गर्भाशयाचा कर्करोग होतो आणि वेळेवर तपासणी केल्याने ती वाचते असे कथानक लिहावयाचे ठरविले. तपासणीविषयी बायकांना कळावे हा हेतू. प्रायोजक कंपनीने परवानगी दिली, पण अट अशी की ‘कर्करोग’ आणि ‘गर्भाशय’ हे शब्द उच्चारावयाचे नाहीत! लेखिकेने ते शब्द न वापरता सर्व काही सांगितले. पुढे वीस वर्षांनी नटीचा खराखुरा पाय आजारामुळे कापावा लागला. मालिकेने तिला निरोप दिला नाही. १९८४ साली बर्टचाही पाय गेला, आणि कृत्रिम पायावर चालावयास शिकणारी म्हातारी प्रेक्षकांनी पाहिली. पुढच्याच वर्षी ती वारली. नटी कोठे संपली आणि पात्र कोठे सुरू झाले हे अशा ठिकाणी सांगता येत नाही, आणि प्रेक्षकांना ते सांगण्याची गरजही नव्हती.

‘डेज ऑफ अवर लाइव्हज’ ह्या मालिकेत दर नाताळाला हॉर्टन कुटुंब झाडावर प्रत्येकाच्या नावाचा एकेक गोळा टांगते. कुटुंबप्रमुख डॉक्टर टॉमची भूमिका करणारे मॅकडोनल्ड कॅरी १९९४ साली गेले. पण वाळूचे घड्याळ दाखवून मालिका सुरू होते तेव्हाचा त्यांचा आवाज तसाच ठेवण्यात आला. वारलेल्या माणसाने रोज दार उघडावे असे हे आहे. जुन्या रसिकांना हा आवाज बदललेला खपत नाही. एवढेच काय, नट आजारी पडून बदली नट आला की ‘आज अमुक भूमिका तमुक करीत आहेत’ असे निवेदन होई, आणि रसिक वर्षानुवर्षे ‘खरा’ कोण ह्यावर वाद घालीत. मुले एका उन्हाळ्यात बालवाडीतून कॉलेजात जात, हाही त्यांच्या थट्टेचा विषय. थट्टा घरच्यांनी करावयाची, बाहेरच्यांनी नाही, एवढेच.

मात्र जुने ते सगळे सोने नव्हते. ‘जनरल हॉस्पिटल’मध्ये १९८१ च्या नोव्हेंबरात ल्यूक आणि लॉरा ह्यांचे लग्न झाले. सुमारे तीन कोटी लोकांनी ते पाहिले, एलिझाबेथ टेलरसारखी नटी पाहुणी म्हणून आली. दुपारच्या मालिकांच्या इतिहासात एवढा मोठा दिवस दुसरा नाही. पण ह्याच ल्यूकने १९७९ साली लॉरावर बलात्कार केला होता, आणि ती गोष्ट हळूहळू प्रेमकथेत विरघळवून टाकण्यात आली. लग्न आठवून डोळे पुसणारे रसिक ह्याविषयी फारसे बोलत नाहीत. मालिकेलाच १९९८ साली, त्यांच्या मुलाला सत्य समजते तेव्हा, त्याकडे परत वळावे लागले. तसेच, ह्या सुखवस्तू गावांमधून कृष्णवर्णीय माणसे जवळजवळ दिसतच नसत. १९६८ साली सुरू झालेल्या ‘वन लाइफ टु लिव्ह’मध्ये एलन हॉली हिने गोरी म्हणून वावरणाऱ्या कृष्णवर्णीय स्त्रीची भूमिका गाजविली. मालिकेच्या यशात तिचा मोठा वाटा असूनही आपल्याला तशी वागणूक मिळाली नाही, हे तिने पुढे आत्मचरित्रात लिहिले. तेव्हा ‘पूर्वी किती छान होते’ असे कोणी म्हणाले, तर कोणासाठी छान होते हे विचारून घेतलेले बरे.

आणखी एक दुःखाची बाब. ह्या आठवणी तपासून पाहावयास जुने भाग शिल्लक आहेतच कोठे? व्हिडिओटेप महाग होती. एक भाग दाखवून झाला की त्याच टेपवर दुसरे काही मुद्रित करीत. दुपारच्या मालिका पुन्हा कोण पाहणार, असा कारभाऱ्यांचा समज. बायकांच्या गोष्टी त्या! १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंतचे हजारो भाग असे पुसले गेले. पुढे घरोघरी व्हिसीआर आले तेव्हा नोकरीवर जाणाऱ्या बायका दुपारचा भाग मुद्रित करून रात्री पाहू लागल्या, आणि कित्येकींनी त्या टेपा पुसल्या नाहीत. आज यूट्यूबवर जुने प्रवेश दिसतात त्यांतले पुष्कळसे अशा कोणाच्या तरी माळ्यावरच्या खोक्यातून आलेले आहेत. मध्येच साबणाची जाहिरात, मध्येच चित्र हलते. मीही ते तसेच मोबाइलवर पाहिले. इंग्रजी कळावयास सुरुवातीस कष्ट पडले; पण पात्रे तेच तेच पुन्हा सांगत असल्यामुळे तिसऱ्या दिवशी जमू लागले.

आपल्याकडे १९९० च्या दशकाच्या आरंभी केबल आली तेव्हा ‘स्टार प्लस’वर ‘सांता बार्बरा’ आणि ‘द बोल्ड अँड द ब्यूटिफुल’ दिसू लागल्या. शहरातल्या इंग्रजी जाणणाऱ्या घरांतून त्या पाहिल्या गेल्या. आमच्या वस्तीत त्या पोचल्या नाहीत.

ह्या मालिका का संपल्या ह्याची कारणे तशी सरळ आहेत. बायका नोकऱ्या करू लागल्या, दुपारची घरे रिकामी झाली. वाहिन्या वाढल्या. १९९५ साली ओ. जे. सिम्प्सनच्या खटल्याचे थेट प्रक्षेपण महिनोन्‌महिने चालले, मालिका बाजूला सारल्या गेल्या आणि सवय मोडलेले पुष्कळ प्रेक्षक परतले नाहीत. शिवाय चार माणसांना टेबलाभोवती बसवून गप्पा मारावयास लावणे नाटकापेक्षा फार स्वस्त पडते. ‘गायडिंग लाइट’ने २००८ साली खर्च वाचविण्यासाठी हातातल्या छोट्या कॅमेऱ्यांनी बाहेर चित्रण सुरू केले, जुन्या रसिकांना ते घर आपले वाटेना. २०११ साली ‘ऑल माय चिल्ड्रन’ आणि ‘वन लाइफ टु लिव्ह’ बंद होणार असे जाहीर झाले तेव्हा मात्र रसिक गप्प बसले नाहीत. त्यांनी पत्रे लिहिली, फोन केले, जाहिरातदारांकडे तक्रारी केल्या. झाडलोटीची यंत्रे विकणाऱ्या ‘हूव्हर’ कंपनीने तर त्या वाहिनीवरच्या आपल्या जाहिराती काढून घेतल्या. उपयोग झाला नाही. ‘ऑल माय चिल्ड्रन’मध्ये सूझन लूची १९७० पासून एरिका केन रंगवीत होती. १९९९ साली तिला एमी पारितोषिक मिळाले ते एकोणिसाव्या नामांकनाला, आणि त्या रात्री सभागृह कितीतरी वेळ उभे राहून टाळ्या वाजवीत होते. तीही मालिका गेली, जागी स्वयंपाकाचा कार्यक्रम आला.

‘ॲज द वर्ल्ड टर्न्स’च्या जागी गप्पांचा कार्यक्रम आला होता. तो २०२४ च्या डिसेंबरात बंद झाला, आणि २४ फेब्रुवारी २०२५ पासून त्याच वेळेला ‘बियॉन्ड द गेट्स’ नावाची नवी दुपारची मालिका सुरू झाली. गोष्ट एका श्रीमंत कृष्णवर्णीय कुटुंबाची आहे, आणि तिच्या निर्मात्यांत तीच जुनी साबणवाली कंपनी, प्रॉक्टर अँड गॅम्बल, आहे. कुटुंबातल्या आजीची भूमिका टमारा ट्यूनी करते. ‘ॲज द वर्ल्ड टर्न्स’मध्ये ती अनेक वर्षे जेसिका नावाची वकील होती. जुन्या रसिकांना तिची ओळख करून द्यावी लागली नाही.