धावपट्टीच्या कडेचे गाव कोणाच्या हिशेबात आहे?

मोठे विमान कोसळले की सारा देश हादरतो. संसदेत प्रश्न विचारले जातात, मंत्री धावत जातात, वाहिन्यांवर चार दिवस चर्चा रंगते. पण आडगावच्या धावपट्टीवर उतरताना एखादे छोटे विमान पडले आणि त्यात एक-दोन जीव गेले, तर ती बातमी आतल्या पानावरच्या चौकटीत मावते. ‘दाट धुके’ किंवा ‘वैमानिकाची चूक’ एवढे लिहिले की प्रकरण मिटले! हे असे मिटवणे आम्हाला मान्य नाही.

घटना पाहा. ३ जानेवारी २०२० ची रात्र. मध्य प्रदेशातील सागर जिल्ह्यात ढाना येथील धावपट्टीवर धुक्यात उतरणारे एका खाजगी संस्थेचे प्रशिक्षण विमान कोसळले. प्रशिक्षक आणि शिकाऊ वैमानिक दोघेही ठार झाले. तीन वर्षांनी, ५ जानेवारी २०२३ ला, त्याच राज्यात रीवाजवळ तेच घडले. रात्रीची वेळ, दाट धुके आणि उतरण्याच्या प्रयत्नात असलेले विमान. ते उमरी गावातील मंदिराच्या कळसाला आणि विजेच्या तारांना धडकले. प्रशिक्षक ठार झाला, शिकाऊ जखमी झाला. त्याआधी, २७ ऑगस्ट २०१९ ला, उत्तर प्रदेशात अलीगडजवळच्या धनीपूर धावपट्टीवर उतरताना एक खाजगी विमान विजेच्या तारांत अडकून पडले आणि पेटले. आतील सहाही जण वाचले, हे नशीब म्हणून सोडून द्यायचे काय?

उतरणे हा उड्डाणातील सर्वांत नाजूक भाग. विमानाचा वेग कमी झालेला असतो, जमीन जवळ आलेली असते, चूक सावरायला वेळ आणि उंची दोन्ही नसतात. मोठ्या विमानतळावर वैमानिकाला यंत्रांची साथ असते, नियंत्रण कक्षातून आवाज येतो. आडगावच्या पट्टीवर बहुतेकदा वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी आणि स्वतःचे डोळे एवढाच आधार. म्हणून तर डोळ्यांच्या भरवशावर उडायचे असेल तर साधारण पाच किलोमीटरपर्यंतचे दिसले पाहिजे, असा नियम आहे. उतरणे साधत नाही असे वाटताच इंजिनाचा जोर वाढवून पुन्हा वर जावे, हेही प्रत्येक शिकाऊला शिकवतात.

मग प्रश्न उरतो तो असा. उत्तर भारतात जानेवारीचे धुके दरवर्षी येते. ते काही अचानक कोसळलेले संकट नव्हे. विजेच्या तारा आभाळातून पडत नाहीत, त्या कोणीतरी ओढलेल्या असतात. कळस एका रात्रीत उभा राहत नाही. धुक्याच्या रात्री विमान वर पाठवण्याचा निर्णय कोणीतरी माणूसच घेतो. व्यावसायिक परवान्यासाठी आपल्याकडे दोनशे तासांचे उड्डाण लागते. ते तास भरून काढण्याची घाई कोणाला असते, हे विचारायचे नाही काय? कारणाशिवाय काही घडत नाही. ज्याचे कारण सापडते, त्याला दैव म्हणता येत नाही.

काही जण म्हणतील, विमानाचा आणि आपल्या माणसांचा संबंध काय? संबंध आहे. आता आपलीही मुले-मुली वैमानिक होण्याचे स्वप्न पाहत आहेत. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीच्या केंद्राच्या उच्च श्रेणी शिक्षण योजनेत खाजगी फ्लाइंग क्लबमधील प्रशिक्षणासाठी वर्षाला ३.७२ लाख रुपयांची मर्यादा ठरवली गेली. प्रत्यक्ष खर्च त्याच्या कितीतरी पट. शेत विकून, कर्ज काढून जो बाप मुलीला या पट्टीवर पाठवतो, त्याला तिच्या सुरक्षेचा हिशेब मागण्याचा हक्क आहे.

आणि पट्टीच्या कडेला राहतो तो कोण? १६ जुलै २०२१ ला शिरपूरच्या प्रशिक्षण संस्थेचे विमान जळगाव जिल्ह्यातील चोपडा तालुक्यात, वर्डी गावाजवळच्या सातपुड्याच्या डोंगराळ भागात पडले. हा अपघात उतरतानाचा नव्हता, पण त्याने एक गोष्ट दाखवून दिली. प्रशिक्षक जागीच गेला, शिकाऊ तरुणी गंभीर जखमी झाली. तिथे पहिल्यांदा पोहोचले ते आसपासचे आदिवासी. एका आदिवासी बाईने अंगावरची साडी सोडून दिली. तिची झोळी करून त्या मुलीला डोंगर उतरवले. ज्यांच्या वाट्याला या विमानातील एक आसनही येत नाही, त्यांनीच हा जीव वाचवला!

अपघातांच्या तपासासाठी देशात २०१२ पासून स्वतंत्र ब्युरो आहे. तो अहवाल काढतो, तो इंग्रजीत. ज्या गावावर विमान पडले त्या गावाला तो वाचता येत नाही. म्हणून आमची मागणी साधी आहे. धुक्यात उड्डाण थांबवण्याचा निर्णय फी घेणाऱ्याच्या मर्जीवर सोडू नका. विमान उतरण्याच्या वाटेतील तारा जमिनीखालून न्या. उड्डाण चालू असताना रुग्णवाहिका आणि अग्निशमन पट्टीवर हजर ठेवा. आणि प्रत्येक अहवाल त्या गावाच्या भाषेत ग्रामसभेपुढे वाचा.

धावपट्टी खाजगी असेल. तिच्या कडेला राहणाऱ्या माणसाचा जीव खाजगी नाही. त्याचा जाब सरकारला द्यावाच लागेल.