जाळीतून सरपटणारा धागा

परभणीत मे महिन्यात डीएनएचे तुकडे वेगळे करायला जेल लावायचं म्हणजे पहिली काळजी उन्हाची. जेल तापलं की मधले नमुने कडेच्यांपेक्षा पुढे पळतात आणि सरळ यायची रेघ बाक घेते. माझा एक अख्खा रन असा वाया गेला. तेव्हापासून बफरचं द्रावण फ्रीजमधलं घेते, व्होल्टेज कमी ठेवते. वेळ जास्त लागला तरी चालतो.

जेलसाठी समुद्री शेवाळापासून काढलेली अ‍ॅगरोजची पूड बफरमध्ये उकळायची, ओतायची, कंगवा लावून थिजू द्यायची. कंगवा उपसला की खाचा उरतात. पिपेटचं टोक खाचेत धरून निळ्या रंगात मिसळलेला डीएनए अलगद सोडायचा. ग्लिसरॉलच्या वजनाने तो तळाशी बसतो. हात हलला तर शेजारच्या खाचेत जातो.

वीज सुरू केली की डीएनए धन टोकाकडे निघतो, कारण त्याच्या कण्यातल्या प्रत्येक फॉस्फेटवर ऋण भार असतो. लहान तुकडा हलका म्हणून लवकर पोचतो, असं मला बरीच वर्षं वाटायचं. ते चूक. तुकडा दुप्पट लांब झाला की ओढ दुप्पट होते, तसा पाण्याचा विरोधही. नुसत्या द्रावणात लहानमोठे जवळपास एकाच वेगाने जातात. फरक पाडते ती जेलची जाळी. लहान तुकडा छिद्रांतून निसटतो. लांब तुकड्याला दाट ज्वारीत शिरलेल्या सापासारखं, तोंड जाईल त्या वाटेने सगळं अंग ओढत सरपटावं लागतं. लांब रेणूंच्या या सरपटण्याचं गणित पिएर-जिल द जेन यांनी १९७१ मध्ये मांडलं.

१९८९ मध्ये चमकणारे रेणू जेलमधून जाताना सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष दिसले. धागा जाळीत अडकतो, त्याची दोन्ही टोकं पुढे लोंबून ताणली जातात. मग मोटेच्या चाकावरून नाडा घसरावा तसा तो लांब बाजूकडे घसरत सुटतो, आखडून गोळा होतो आणि पुन्हा अडकतो. हे वाचल्यापासून थिजलेल्या जेलकडे मी स्थिर वस्तू म्हणून पाहूच शकत नाही.

आमचे तुकडे दोन-तीनशे अक्षरांचे, म्हणजे बेसजोड्यांचे, आणि प्रश्न शेतकऱ्याचा: संकरित कापसाचं बियाणं शुद्ध आहे का? परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या नांदेड केंद्राचं नांदेड-४४ हे असंच दोन वाणांचं संकरित. अतिनील दिव्याखाली आई-वाणाच्या तुकड्याचा एक पट्टा दिसतो, बाप-वाणाचा जरा वर किंवा खाली, कारण दोघांच्या तुकड्यांची लांबी वेगळी. रोपात दोन्ही पट्टे आले, तर ते संकरित. आईचा एकटाच आला, तर ते बी संकराचं नव्हे.