मंत्रचळ : एका घड्याळाने सांगितलेली व्यथा

बँकेत दिवसअखेर रोकड मोजून झाली, वहीशी ताळमेळ बसला, दोन अधिकाऱ्यांनी आपापल्या किल्लीने तिजोरी बंद केली, की तो दिवस संपत असे. परंतु ताळमेळ बसूनही ज्याच्या मनाला त्याची खात्री पटत नाही, त्याचा दिवस कसा संपत असेल, हे मला निवृत्तीनंतर शेळगावी उमगले.

इंदापूर तालुक्यातील या गावी आमच्या नात्यातील एक सून राहते. सामायिकाचा काळ 48 मिनिटांचा. पण एखादा पाठ चुकला असावा या शंकेने ती पुनःपुन्हा आरंभापासून बसे. गाळलेले पाणीही जीवहिंसेच्या भयाने पुन्हा पुन्हा गाळी. घरच्यांनी प्रथम तिच्या धर्मनिष्ठेचे कौतुक केले. पुढे कामे खोळंबू लागली, तेव्हा ते रागावू लागले. हा आजार आहे, हे कोणाच्याच ध्यानी आले नाही.

या आजाराला ओसीडी म्हणतात. मराठीत त्याला मंत्रचळ असे नाव आहे. नकोसा विचार मनात घुसतो, त्यातून भय उपजते, ते शमवण्यासाठी एखादी कृती करावी लागते. क्षणभर बरे वाटते आणि शंका पुन्हा उभी राहते. हे अतिरेकी आहे, हे बहुधा रुग्णालाही कळत असते. तरी थांबता येत नाही. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने 2015-16 मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात हजार प्रौढांमागे सुमारे आठ जणांत हा विकार आढळला.

त्या सुनेची भाची चित्रकला शिकते. आत्याच्या संमतीने तिने एका कागदावर चोवीस तासांचे मोठे घड्याळ काढले. शंकेत गेलेला वेळ करड्या रंगाने भरला आणि तो कागद स्वयंपाकघरात दिनदर्शिकेशेजारी लावला. करडा भाग सहा तासांहून अधिक होता. सासरे बराच वेळ त्यापुढे उभे राहिले. मग म्हणाले, “सूनबाई, एवढा त्रास सोसत होतीस? आम्ही तर तुलाच बोलत होतो.” त्याच आठवड्यात ते तिला बारामतीला मनोविकारतज्ज्ञांकडे घेऊन गेले.

चित्राचे सामर्थ्य आपल्या देशाने पूर्वीही अनुभवले आहे. कुटुंबनियोजनाचा उलटा लाल त्रिकोण गावोगावच्या भिंतींवर रंगवला गेला आणि अक्षरओळख नसलेल्यांनाही कळला. मंत्रचळाचे चित्र मात्र बहुधा चुकते. ओळीत मांडलेल्या पेन्सिली किंवा साबणाने धुतलेले हात दाखवले, की पाहणाऱ्याला ती केवळ टापटीप वाटते. दाखवायला हवी ती शंका, तिने गिळलेला वेळ आणि त्यामागचे भय. दिवसाचा तासाहून अधिक काळ त्यात जात असेल वा नित्यव्यवहार अडत असतील, तर वैद्य त्याची गंभीर दखल घेतात. म्हणूनच ते साधे घड्याळ मला कोणत्याही घोषवाक्याहून बोलके वाटते.

यावर उपचार आहेत. प्रशिक्षित तज्ज्ञाच्या देखरेखीखाली शंका येऊ द्यायची, पण कृती पुन्हा करायची नाही, असा सराव पायरीपायरीने करवला जातो. औषधांचा गुण दिसण्यास आठ ते बारा आठवडे लागू शकतात. धीर सोडू नये. घरच्यांनी “झाले ना नीट?” या प्रश्नाला वारंवार होकार देत राहिल्यास आजार बळावतो, ते कसे कमी करावे, हेही तज्ज्ञच सांगतात. शासनाच्या टेलिमानस सेवेच्या 14416 या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

आपल्या धर्मात जयणा आहे, तसाच विवेकही आहे. भय हे व्रत नव्हे. आपल्या स्थानकांत, मंदिरांत आणि पाठशाळांत असे एक घड्याळ लावता येईल. त्यापुढे थांबलेल्या एखाद्या भगिनीला वा बांधवाला आपला दिवस त्यात दिसला, तर त्याला निदान एवढे कळेल की हा दोष नाही, पापही नाही. हा आजार आहे आणि त्यावर उपाय आहे.